पहिला हात

माझ्या मुलीचं, बिर्गितचं, लग्न झालं ते साल एकोणीसशे एकोणनव्वद. जूनमधल्या उन्हाळी सणाच्या दुसऱ्या दिवशी लग्न होतं, आणि हे झालं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. झालं म्हणजे काय, तर दूर उत्तरेतल्या लुलेओच्या शहर बसमध्ये मी उभी होते, उजव्या हातानं दांडा धरला होता, आणि उतरायची वेळ आली तेव्हा हात सुटला नाही. एवढंच. बाहेर उणे अठरा होतं. तिकीट काढायला मी हातमोजा काढला होता आणि परत चढवायचा राहिला होता, म्हणून दांड्याचा गारवा थेट तळव्यात शिरत होता. थांबा आला. घंटी मीच दाबली होती, डाव्या हातानं. दार उघडलं, बोचरी हवा आत आली, पुढचे दोघं-तिघं उतरले. मी बोटांना म्हटलं, सुटा. बोटांनी ऐकलं, पण बहिरं माणूस हाक मारल्यावर थांबतं, मान वळवतं, कोण बोललं ते बघतं आणि मग ऐकतं, तसं. तोवर मागून एक बाई म्हणाली, "उतरताय, की दांड्याशी लग्न लावलंय?" "उतरतेय की," मी म्हटलं आणि उभीच राहिले. ती माझ्या काखेखालून वाकून पुढं गेली. दार मिटलं. मी मोजत होते. मला मोजायची सवय आहे. अकरा झाले तेव्हा अंगठा हलला, मग एकेक बोट उकललं. बस तेव्हा पुलावर चढली होती आणि बिर्गितचं घर, तिच्या स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, मागं मागं जात होता. माझ्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं चीज होतं, आमच्याकडं कॉफीत बुडवून खातात ते, आणि चीजखाली डॉक्टरांचं पत्र. पत्रात लिहिलं होतं की हा न सुटणारा हात म्हणजे आजार आहे, स्नायू हळूहळू झिजवणारा, आईबापांकडून पोरांकडं येणारा. आणि आईकडून पोटातल्या बाळाकडं जाताना तो फार वाईट रूप घेऊ शकतो. बिर्गितला तिसरा महिना लागला होता. सात महिने ते पत्र माझ्या कपाटात टॉवेलांखाली होतं आणि त्या दिवशी ते तिला वाचून दाखवायला मी निघाले होते.

अकरा. वडिलांचा आकडा चौदापर्यंत जायचा. माझे वडील एरकी, तोर्ने नदीच्या खोऱ्यातले, चार गाईंचे शेतकरी, वसंतात नदीतून ओंडके वाहून नेणारे आणि रविवारी उपदेशक. आमच्या प्रार्थना-मंडळीत घरात आलेला माणूस तसाच बाकावर टेकत नाही. खोलीत असतील तेवढ्या सगळ्यांपाशी तो जातो, म्हातारे, पोरं, चुलीपाशी उभी असलेली सून, एकेकाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "देवाचा सलाम." वडील प्रार्थनासभेला स्लेजवरून, बर्फावरच्या घसरगाडीवरून, यायचे. दारात हातमोजा काढायचे आणि गार हात पहिल्या माणसाच्या हातात द्यायचे, आणि तो हात सुटायचा नाही. ते त्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहायचे, ओठ थोडे ताणलेले, पापण्या जड, जणू त्याच्या आतलं काही वाचताहेत. मग सोडायचे. दुसऱ्याला थोडं कमी. चौथ्यापाचव्यापर्यंत तो हात इतर कुणाच्याही हातासारखा झालेला असायचा. लोक म्हणत, एरकीच्या हातात कृपा भरून येते आणि निम्मी पहिल्याच्याच ओंजळीत सांडते. म्हणून दाराजवळच्या जागेसाठी बायका भांडत. "सान्ना, मागच्या सभेला पण तूच होतीस दाराशी. सरक." "सकाळपासून बसलेय गं मी इथं." "बसून देव मिळत असता तर कोंबड्यांना आधी मिळाला असता." असं चालायचं, आणि वडिलांच्या स्लेजच्या घंटा ऐकू आल्या की सगळ्याजणी माना खाली घालून पवित्र व्हायच्या. एकदा ओत्तो नावाचा एक शेजारी चुकून पहिला सापडला. वडिलांनी त्याचा हात धरला. दहा झाले, बारा झाले. ओत्तोच्या कपाळावर घाम आला, त्यानं हात ओढून बघितला, आणि एकदम मोठ्यानं रडायला लागला: "गवत मीच नेलं, एरकी! दोन गाड्या, तुझ्या कुरणातलं!" हात सुटल्यावर वडिलांनी तो ओत्तोच्या मानेवर ठेवला आणि येशूच्या नावानं आणि रक्तानं त्याला क्षमा केली. सगळी खोली रडली. मीही रडले, सात वर्षांची. गवत गेलंय हे वडिलांना माहीतसुद्धा नव्हतं, असं आई पुढं कितीतरी वर्षांनी म्हणाली.

वडिलांना स्वतःला काय वाटत होतं ते मला कधी कळलं नाही. आई एकदा म्हणाली होती, "दुधाची बादलीसुद्धा अशीच धरून उभे राहता. तिलाही कृपा देता का?" वडील म्हणाले, "तुला देवानं जीभ दिली, मला हात." त्यावर आई हसली, पण बादलीची कडी तिनंच त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली, हळूच, एकेक बोट करून, नेहमीचंच काम असल्यासारखी. म्हणजे तिला ठाऊक होतं? नाव ठाऊक नसेल, पण हाताला कळलं असेल. मी सात भावंडांतली पाचवी. सभेत आमची जागा चुलीमागं, सगळ्यांत शेवटी, आणि माझ्यापर्यंत पोचेतो तो हात रिकामा झालेला असायचा. मला याचं फार वाईट वाटायचं. मग एका हिवाळ्यात मला उमगलं की दिवसाचा पहिला माणूस आपण होऊ शकतो. वडील सकाळी नदीवर बर्फाला पाडलेल्या भोकातून पाणी आणायला जात. मी इतरांच्या आधी उठून ओसरीत उभी राहायची, लोकरी मोजे घालून, दात वाजत. ते बादल्या खाली ठेवायचे. "देवाचा सलाम, बाबा." "देवाचा सलाम, लेम्पी." आणि तो गार, ओला, मोठा हात. चौदा. त्या चौदा अंकांमध्ये मी सात भावंडांतली पाचवी नव्हते. शाळेत आमची भाषा बोललं की कोपऱ्यात उभं करायचे, शाळेची, सरकारी, मला येत नव्हती, म्हणून सहा वर्षं मी गप्प बसले आणि अक्षरं न घेताच बाहेर पडले. अक्षरं भेटली पंचेचाळिसाव्या वर्षी, नवरा गेल्यावर, शहरातल्या प्रौढांच्या वर्गात. पण आकडे मी त्या ओसरीत शिकले.

"मावशी, शेवटचा थांबा." चालक मागं वळून बघत होता. बसमध्ये मी एकटीच उरले होते. त्याच्या बोलण्याच्या हेलावरून तो आमच्याच खोऱ्यातला वाटला. "झोप लागली?" "हात अडकला होता." "कशात?" "दांड्यात." तो उठून आला, दांडा नीट बघितला, बाहीनं पुसला. "गोठला असेल. आमच्या आजोबांची जीभ एकदा कुऱ्हाडीला चिकटलेली. दोन दिवस बोलता येत नव्हतं. आजी म्हणायची, संसारात तेच काय ते दोन दिवस." मी हसले. हसताना जबडा जरा आखडला, तोही त्या दिवसांत आखडायचा, जांभई दिली तर तोंड मिटायला वेळ लागायचा. "पाच मिनिटांत परत फिरतो," तो म्हणाला. "कुठं उतरायचं होतं?" मी बिर्गितचा थांबा सांगितला. "बसा निवांत. आला की हाक मारतो." आणि खाली उतरून त्यानं सिगारेट पेटवली. इंजिन बंद होतं. काचेवर माझ्याच श्वासाचं बर्फ धरू लागलं. मी हातमोजा चढवला आणि त्याच्या आत मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली, चार-पाच वेळा. आता कुणी येऊन धरला असता तर तो शहाण्यासारखा सुटला असता.

हे मला डॉक्टरांनी शिकवलं होतं, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. त्याआधी मी डोळे दाखवायला गेले होते, सगळं धुरकट दिसायचं म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, म्हणाल्या, मोतीबिंदू आहे पण साधा नाही, आत रंगीत चुरा दिसतोय. मग त्यांनी खुर्ची मागं सारली आणि स्वतःचा हात पुढं केला. "माझा हात धरा. घट्ट. आता सोडा." सुटला नाही. त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या, मी त्यांच्या, आणि मला एकदम ओसरीतल्या ओल्या लोकरीचा वास आला. मी जवळजवळ म्हणणार होते, देवाचा सलाम. त्यांनी मला दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी सुई टोचली आणि तारेनं ती एका यंत्राला जोडली. यंत्रातून आवाज यायला लागला. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी नावेचं मोटर इंजिन सुरू करावं, आणि नाव लांब लांब जावी, तसा चढत जाऊन उतरणारा. "हा तुमचा स्नायू बोलतोय," डॉक्टर म्हणाले. सत्तावन्न वर्षं तो माझ्या आत बोलत होता आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडत होते. तिथं सतत वाफ, सतत ऊब. ऊब मिळाली की हा आजार लपतो. डाव कधी कधी हातातून सुटायचा नाही, तर बाकीच्या बायका म्हणत, लेम्पी चव घेतल्याशिवाय सोडत नाही. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी कागदावर घराण्याचं झाड काढलं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. "तुमच्या वडिलांना असं काही?" मी सांगितलं. पहिल्या हाताचंही सांगितलं, का कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! पहिली पकड सगळ्यांत जास्त वेळ अडकते. मग चार-पाच वेळा उघडझाप झाली की स्नायू मोकळा होतो. आणि थंडीत हे वाढतं. नमुनेदार आहे हो, नमुनेदार." आणि त्यांनी वरचा, वडिलांचा चौकोन पेननं काळा केला; आजार असला की काळा. कडेपर्यंत, नीट, पांढरं न ठेवता. मी बघत होते. ओसरी त्यात गेली, ओत्तो गेला, दाराशी भांडणाऱ्या बायका गेल्या. खालचा माझा गोल काळा झाला त्याचं मला काही वाटलं नाही. त्याच्याही खाली त्यांनी एक गोल काढला आणि तो रिकामा ठेवला. "मुलगी किती वर्षांची? झोप जास्त येते? पापण्या उतरलेल्या?" मी म्हटलं, तिचं लग्न आहे जूनमध्ये. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "मूल व्हायच्या आधी तिला इकडं पाठवा. फार झालं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या आत. तेव्हा काही तपासता येतं, काही ठरवता येतं. नंतर फक्त वाट बघायची असते. मी पत्रातही लिहितो, म्हणजे तुम्हांला तोंडानं सांगणं जड जाणार नाही." पत्र आलं. ते मी तीनदा वाचलं, बोट ठेवून. माझ्याविषयी कुणी काही लिहिलेलं आणि मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं आयुष्यातलं ते पहिलं.

लग्न होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. कुणीही आईनं हेच ठरवलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. लग्नाच्या फोटोवाल्यानं चार वेळा सांगितलं, "नवरीबाई, डोळे उघडा जरा." नवरा स्टेफान दक्षिणेकडचा, मोठ्यानं बोलणारा, म्हणाला, "राहू द्या हो, झोपेत असली की भांडत नाही." सगळे हसले, बिर्गितही हसली, लांबट बारीक चेहऱ्यानं, हसणं अर्ध्यावरच थांबल्यासारखं. लहानपणापासून ती तशीच. शाळेतली बाई तिला म्हणायची, "बिर्गित, तुझी गादी आणायला सांगू का?" मी तिला किती रागावले होते तेव्हा, आळशी म्हटलं होतं, एकदा तर वहीनं मारलं होतं. चर्चच्या दारात ती माझ्याकडं आली. पहाटेपासून पाऊस होता आणि तिनं पातळ, बाह्या नसलेला पोशाख घातला होता, दंडावर काटा आला होता. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. "आई," एवढंच म्हणाली. मी मोजायला लागले आणि मग मला माझीच इतकी लाज वाटली की जीभ दाताखाली धरली. नऊ-दहा झाले असतील. ती माझ्याकडं बघत होती, पाणावलेल्या डोळ्यांनी, आणि मला वाटलं की आत्ता या क्षणी जर मी काही बोलले तर एक पेन येईल आणि हा हातही कडेपर्यंत काळा करेल. तिच्या मागं पावसात वरातीची गाडी भोंगा वाजवत होती. मग ऑगस्ट आला, क्लाउडबेरीची पिवळी रानफळं वेचायला दोघी दलदलीत गेलो, ती बादली भरायच्या आधीच शेवाळावर आडवी होऊन झोपली, आणि मी तिच्या तोंडावरचे डास हाकलत बसले. तेव्हाही सांगता आलं असतं. सप्टेंबर संपता संपता तिचा फोन आला. "आई, बसलीयस का? आधी बस." मी बसले.

बस परत फिरली. चालकानं हीटर वाढवला होता, खिडकीच्या काचेवरून बर्फाचे ओघळ उतरत होते. पूल आला. मी पिशवी मांडीवर घेतली, वरून हात फिरवून बघितलं, चीज होतं, पत्राचा कोपरा होता. वाक्यही मी तयार केलं होतं, घरून निघताना आरशासमोर म्हणून बघितलं होतं: बिर्गित, तुला वाचून दाखवायचंय, हळू वाचीन, मधे बोलू नकोस. "मावशी!" चालकानं आरशात बघून हाक मारली. "तुमचा थांबा!" बस उभी राहिली. दार उघडलं. स्वयंपाकघरातला पिवळा दिवा समोर होता, खिडकीत तिनं नाताळाआधीच्या आगमन-काळाचा कागदी तारा आतापासूनच टांगला होता, आणि त्याच्या खाली ती स्वतः होती, पाठमोरी, ओट्याशी काहीतरी करत. माझा हात मांडीवर होता. मोकळा, गरम, हातमोज्यात. त्याला कशानंही धरलेलं नव्हतं. "मावशी?" "नाही," मी म्हटलं, "मी पुढं जाईन." "मघाशी तर इथलंच म्हणालात." "मघाशी तसं वाटलं." दार उघडंच होतं, हवा येत होती. "बघा बुवा," तो म्हणाला. मग दार मिटलं. मी हे पुष्कळदा पुन्हा बघितलंय. पहिल्या वेळी हातानं मला नेलं, त्याला माझा इलाज नव्हता. दुसऱ्या वेळी हात मोकळा होता. संध्याकाळी बिर्गितचा फोन आला. "दोनदा कॉफी केली मी तुझ्यासाठी. होतीस कुठं?" "बस चुकली गं." "एवढ्या वर्षांत तुझी बस कधी चुकली नाही." "म्हातारी झाले." "अजून नाही हं," ती म्हणाली, "अजून मला तुझी गरज आहे." चीज मी त्या आठवड्यात एकटीनंच खाल्लं. बशीत कॉफी ओतून, साखरेचा खडा दातात धरून, खिडकीपाशी बसून. तिसरा महिना संपला. चौथा लागला. कॅलेंडरवर मी काही खूण केली नव्हती, तरी मला रोज कळत होतं.

तो हिवाळा माझ्या अंगातून फार सावकाश गेला. बाटलीची झाकणं मी टेबलाच्या फटीत अडकवून उघडायला शिकले. जिना चढताना पाय उचलल्यावर पाऊल तसंच लोंबतं, आणि गालिच्याची कडा नेमकी त्याला सापडते, म्हणून गालिचे गुंडाळून ठेवले. सकाळी उशीवरून डोकं उचलायला केसांना हात घालून ओढावं लागायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा हसू आलं, जणू मीच मला शाळेला उठवतेय. शेजारची बाई विचारायची, "लेम्पी, हल्ली दिसत नाहीस?" मी म्हणायची, थंडी. थंडी म्हटलं की आमच्याकडं पुढं कुणी विचारत नाही. बिर्गित दर रविवारी यायची. सोफ्यावर पाय वर घेऊन पडायची, आणि तिचं पोट वाजवीपेक्षा मोठं दिसायचं. "पाणी जास्त आहे म्हणतात," ती म्हणायची. "आणि हा लाथा मारत नाही फारसा. शांत आहे, माझ्यासारखा." "झोपाळू म्हण," स्टेफान म्हणायचा, "दोघांना मिळून एकच गजराचं घड्याळ पुरेल." मी स्वयंपाकघरात उभी राहून गरम पाण्यात हात धरायची, उघडझाप करायची, की बिर्गितनं निरोप घेताना धरला तर तिला काही कळू नये. तिचा स्वतःचा हात सुटायला किती वेळ लागतो ते तिला कळलंच नव्हतं. ज्यानं आयुष्यभर एकच घर बघितलंय त्याला छताची उंची कशी कळावी? आणि मी ते छत. मला कधी कधी असंही वाटायचं की बाळ धडधाकट येईल, वाईट रूप घेऊ शकतो असं लिहिलंय, घेतोच असं नाही. माझा हात, वडिलांचा हात, आम्ही जगलो की. वडील बहात्तर वर्षं जगले. मी प्रार्थना केली नाही. लग्नानंतर नवऱ्याबरोबर शहरात आल्यापासून माझं सभेला जाणं सुटलं होतं, आणि ज्या गोष्टीत आपण खोटं बोलतोय तीच गोष्ट देवाकडं मागायची कशी, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्याच्या अठरा तारखेला मूल झालं. मुलगा. रडला नाही. त्याला लगेच नळ्या घालून काचेच्या पेटीत ठेवलं, आणि बिर्गितनं त्याचं नाव ठेवलं एरकी, कारण माझ्या तोंडून तिनं आयुष्यभर त्या हाताच्या गोष्टी ऐकल्या होत्या. परिचारिकेनं पेटीच्या गोल खिडकीतून मला हात आत घालू दिला. मी करंगळी त्याच्या तळव्यावर ठेवली. कुठल्याही बाळाची बोटं मिटतात, मांजराचं पिल्लूसुद्धा पंजे आवळतं. त्याची मिटली नाहीत. तळवा तसाच उघडा राहिला, मऊ, ओलसर. आमच्या घरात पहिल्यांदाच असा हात आला होता, जो धरतच नव्हता. चौथ्या दिवशी बालरोगाचे मोठे डॉक्टर आले. बाळाकडं बघून झालं, मग ते बिर्गितकडं वळले, तिच्या चेहऱ्याकडं, पापण्यांकडं बघत राहिले, आणि त्यांनी हात पुढं केला. "माझा हात धरा. घट्ट. आता सोडा." मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. बिर्गित आपल्या हाताकडं बघत होती, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं. स्टेफान म्हणाला, "ती नेहमीच असं धरते. प्रेमळ आहे." डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" बिर्गितनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिला काही विचारावं लागलं नाही. मी उठून खिडकीपाशी गेले. खाली खाडीतलं शेवटचं बर्फ तुटून काळ्या पाण्यात हलत होतं. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "कधीपासून?" "मागच्या एप्रिलपासून." "लग्नाच्या आधी." "हो." स्टेफान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज अगदी हळू आला. "आम्ही ठरवलं असतं," तो म्हणाला, "काय ठरवलं असतं ते ठाऊक नाही, पण आम्ही ठरवलं असतं." बिर्गित म्हणाली, "आई, तू जा आता."

मी गेले, आणि रोज परत आले. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसायची. मला कुणी आत बोलावलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. कॉफीच्या यंत्रातून कागदी पेले यायचे, ते सोडता न येऊन चुरगळायचे. नवव्या दिवशी सकाळी परिचारिकेनं दार उघडून मला खुणावलं. नळ्या काढलेल्या होत्या. खिडकी उघडी होती, आमच्याकडं अशा वेळी खिडकी उघडतात, आणि मेमधली गार, पाण्याचा वास असलेली हवा खोलीत भरली होती. बिर्गित पलंगावर बसली होती, बाळ तिच्या डाव्या हातावर, उजवा हात नुसता चादरीवर पडलेला. स्टेफान भिंतीकडं तोंड करून उभा होता. मी तिच्यापाशी गेले आणि माझ्या तोंडातून आमच्या भाषेतलं ते वाक्य आलं, जे मी तीस वर्षांत उच्चारलं नव्हतं आणि ज्याचं उत्तर तिला कधी शिकवलंही नव्हतं: मला क्षमा करशील? खोऱ्यात असते तर समोरच्यानं मानेवर हात ठेवला असता, येशूच्या नावाचं आणि रक्ताचं ते ठरलेलं वाक्य म्हटलं असतं, आणि झालं म्हणजे झालं असतं. बिर्गित माझ्याकडं बघत राहिली. "असं विचारल्यावर काय म्हणायचं असतं?" ती म्हणाली. "मला येत नाही ते." "काही म्हणू नकोस." मग चादरीवरचा तो हात उचलला गेला. गार होता. त्या सकाळी त्यानं अजून कुणालाच धरलेलं नव्हतं, म्हणजे पहिला होता. तिनं माझा हात धरला, घट्ट, आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी मोजायला लागले. सवय आहे. पाच. नऊ. अकरा. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त कान आणि मान, लहानपणची, वहीनं मारलं तेव्हा खाली गेलेली. तेरा. चौदा. चौदाच्या पुढं मी मोजलं नाही. मोजलं असतं तर कदाचित कळलं असतं, तो हात सुटत नव्हता की ती सोडत नव्हती. मी मोजलं नाही. नंतर कितीतरी वेळानं परिचारिका आली, तेव्हाही आमचे हात तसेच होते.

माझ्या मुलीचा मुलगा एरकी एकोणीसशे नव्वद साली मे महिन्याच्या सत्तावीस तारखेला, रविवारी सकाळी, लुलेओच्या इस्पितळात वारला. तो नऊ दिवसांचा होता.